साठ बाइटांचे नाव: एका पतसंस्थेच्या लाभांशपत्रांचा प्रकरण अभ्यास

कोपरखैरणे येथील एका पतसंस्थेने वार्षिक सर्वसाधारण सभेआधी सभासदांना पाठवलेल्या मराठी लाभांशपत्रांपैकी काही पत्रांत रक्कम चुकीची छापली गेली. ज्या सभासदाला १,२५० रुपये मिळायचे होते, त्याच्या पत्रावर १२ रुपये ५० पैसे असे छापलेले होते. दुसऱ्या एकाच्या पत्रावर तेवढ्याच रकमेऐवजी १२५ रुपये होते. खात्यांत जमा झालेली रक्कम मात्र सर्वांची बरोबर होती, खतावणी जुळत होती आणि लेखापरीक्षकाला दिलेल्या यादीतही फरक नव्हता. संस्थेचे बहुतेक सभासद तुर्भे-वाशीच्या बाजार आवारात काम करणारे माथाडी कामगार आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया आहेत. मजुरीतून वाचवलेल्या पैशाचे पत्र हाती पडते आणि त्यावर शंभरावा हिस्सा दिसतो, तेव्हा संस्थेच्या कारभारावरच शंका घेतली जाते, आणि ती घेणाऱ्याला दोष देता येत नाही. या प्रकरणाची तांत्रिक तपासणी माझ्याकडे आली. दोष पैशाच्या हिशेबात कोठेही नव्हता. तो सभासदांच्या नावांत, म्हणजे नावे साठवण्याच्या आणि मोजण्याच्या पद्धतीत होता.

व्यवस्था कशी होती

पतसंस्थेचे खाते-सॉफ्टवेअर महापे येथील एका छोट्या कंपनीने तयार केलेले आहे. छपाई आणि टपालाचे काम ठाण्यात वागळे इस्टेटमधील एक छपाईदार करतो. महापेहून दरवर्षी एक साधी मजकूर-फाइल छपाईदाराकडे जाते. तिच्यातील प्रत्येक ओळ एका सभासदाची असते आणि ओळीतील प्रत्येक रकान्याची रुंदी ठरलेली असते: सभासद क्रमांकाला १२, नावाला ६०, पत्त्याला १५०, पैशांत लिहिलेल्या रकमेला १०, तारखेला ८, संकीर्ण नोंदीला १५ आणि ओळ संपल्याच्या खुणेला १, असे एकूण २५६. रक्कम डावीकडे शून्ये भरून लिहिली जाते, म्हणजे १,२५० रुपयांसाठी ०००० १२५ ००० हे दहा अंक सलग येतात.

ही रचना जुन्या सॉफ्टवेअरच्या काळातली आहे. त्या काळी मराठी मजकूर आठ-बिटी सांकेतिक पद्धतींनी साठवला जाई. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाणित केलेल्या इस्की या संकेतप्रणालीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एका बाइटात, म्हणजे संगणकातील साठवणीच्या आठ बिटांच्या एककात, मावत असे. फॉन्टवर आधारलेल्या खासगी पद्धतींत चिन्हांची मांडणी वेगवेगळी असली, तरी एका तुकड्याला एक बाइट हा हिशेब तसाच होता. त्यामुळे रचनेच्या कागदावर नुसते ‘रुंदी ६०’ असे लिहिले होते. साठ काय, हे विचारण्याची कोणाला गरज पडली नव्हती. साठ चिन्हे म्हणजेच साठ बाइट होते, आणि तेवढ्यात कोणतेही नाव सुखाने बसत होते.

पुढे सॉफ्टवेअर युनिकोडवर, म्हणजे जगभरच्या लिप्यांतील चिन्हांना एकेक क्रमांक देणाऱ्या मानकावर, आले आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ते क्रमांक बाइटांत लिहिण्याच्या एका पद्धतीत, लिहिली जाऊ लागली. या एन्कोडिंगमध्ये चिन्हागणिक बाइटांची संख्या बदलते. रोमन अक्षरे, अंक, पूर्णविराम आणि मोकळी जागा यांना एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या मूळ विभागातील प्रत्येक चिन्हाला, मग ते व्यंजन असो, काना असो, अनुस्वार असो किंवा जोडाक्षरातला पायमोड असो, तीन बाइट लागतात. म्हणजे साठ बाइटांत वीसच चिन्हे मावतात. रचनेच्या कागदावरचा आकडा बदलला नाही, पण त्याची क्षमता एक तृतीयांश झाली.

एक नाव, अनेक मोजमापे

पुढील विवेचनासाठी मी सभासदांची खरी नावे घेत नाही. त्यांच्याशी लांबीने जुळणारी नावे नमुन्यादाखल रचून घेतली आहेत. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव घेऊ. त्यात ज, पायमोड, ञ, काना, न, एक मात्रा, श, पायमोड, व आणि र अशी दहा चिन्हे, म्हणजे युनिकोडच्या भाषेत दहा कोड पॉइंट आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे तीस बाइट होतात आणि यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत, जिचा एक घटक दोन बाइटांचा असतो, वीस. वाचणाऱ्याच्या डोळ्याला मात्र ज्ञा, ने, श्व आणि र अशी चारच अक्षरे दिसतात. युनिकोडच्या अक्षरगट पाडण्याच्या नियमांनीही हीच गणना मान्य केली आहे, पण ती २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीपासून. त्याआधीच्या नियमांनुसार पायमोडानंतर गट तुटत असे आणि याच नावाचे सहा गट होत. त्यामुळे जुन्या लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) चालणारा प्रोग्रॅम आजही सहा म्हणेल.

यांपैकी कोणताही आकडा चूक नाही. प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी जावा आणि जावास्क्रिप्ट लांबी विचारल्यावर यूटीएफ-१६ चे घटक मोजतात, पायथन कोड पॉइंट मोजते, गो बाइट मोजते आणि स्विफ्ट अक्षरगट मोजते. देवनागरीच्या बाबतीत जावाचा आकडा आणि पायथनचा आकडा एकच येतो, आणि तेथेच प्रोग्रॅमरची दिशाभूल होते, कारण ‘जावा अक्षरे मोजते’ असा समज पक्का होतो. मोडी लिपीचा मजकूर घेतला की तो समज टिकत नाही. २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आलेली मोडीची चिन्हे मूळ ६५,५३६ स्थानांच्या बाहेर आहेत. त्यांना यूटीएफ-८ मध्ये चार बाइट आणि यूटीएफ-१६ मध्ये दोन घटक लागतात, आणि मायएसक्यूएल या डेटाबेसच्या तीन बाइटांपर्यंतच मजल असलेल्या जुन्या ‘यूटीएफ८’ प्रकारच्या रकान्यात ती साठवताच येत नाहीत. मोडी दस्तऐवजांच्या लिप्यंतराचे काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

रक्कम कशी हलली

आता नमुन्यादाखल पूर्ण नाव घेऊ: पहिले नाव ज्ञानेश्वर, वडिलांचे नाव पांडुरंग, आडनाव शिंदे. त्यांचे अनुक्रमे ३०, २४ आणि १५ बाइट होतात आणि मधल्या दोन मोकळ्या जागांचे २, असे एकूण ७१. महापेचा प्रोग्रॅम आधी पूर्ण नावाचे बाइट काढत असे आणि त्यांपैकी पहिले साठ ठेवून उरलेले टाकून देत असे. पहिल्या दोन नावांनी आणि दोन जागांनी मिळून ५६ बाइट घेतले. आडनावाच्या वाट्याला चार उरले. त्यांपैकी तिनांत ‘श’ बसला आणि चौथ्यात त्यापुढच्या वेलांटीचा फक्त पहिला बाइट, ज्याचे मूल्य २२४ आहे. त्यानंतर लगेच पत्त्याचा रकाना सुरू होत होता, आणि बहुतेकांचा पत्ता गावाकडचा, ‘मु. पो.’ अशी सुरुवात असलेला. ‘म’ चे बाइट २२४, १६४, १७४ असे आहेत. म्हणजे फाइलमध्ये एकटा २२४ आणि त्याला लागून पुन्हा २२४ अशी स्थिती झाली.

येथे यूटीएफ-८ च्या रचनेचा एक गुण उपयोगी पडतो. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये ती आखताना चिन्हाचा पहिला बाइट आणि त्यामागून येणारे बाइट यांची मूल्ये वेगवेगळ्या पट्ट्यांत ठेवली. मागून येणारा बाइट नेहमी १२८ ते १९१ या दरम्यानच असतो आणि तीन बाइटांच्या चिन्हाचा पहिला बाइट २२४ ते २३९ या दरम्यान असतो. त्यामुळे एखादे चिन्ह मोडले, तरी डीकोडरला, म्हणजे बाइटांवरून चिन्हे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, पुढचे चिन्ह कोठे सुरू होते हे कळते आणि नुकसान एका चिन्हापुरते राहते. छपाईदाराच्या डीकोडरनेही नेमके तसेच केले. त्याने एकट्या २२४ च्या जागी ‘येथे काहीतरी अवैध होते’ असे सांगणारे बदली चिन्ह घातले, जे काळ्या चौकोनातील प्रश्नचिन्हासारखे दिसते, आणि पुढचा ‘मु. पो.’ व्यवस्थित वाचला.

अडचण त्यापुढच्या पायरीवर झाली. छपाईदाराचा पहिला प्रोग्रॅम फाइल डीकोड करून मजकुरातील नियंत्रक चिन्हे काढून टाकत असे, मजकूर पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहीत असे, आणि मग दुसरा प्रोग्रॅम प्रत्येक ओळीचे ठरलेल्या बाइटांवर तुकडे पाडत असे. बदली चिन्ह स्वतः तीन बाइटांचे आहे. एका अनाथ बाइटाच्या जागी तीन आले, म्हणजे त्या ओळीतील पुढचा सगळा मजकूर दोन बाइट उजवीकडे सरकला. रकमेचा दहा बाइटांचा तुकडा आता दोन बाइट आधीपासून कापला गेला. त्यात पत्त्याच्या शेवटच्या दोन मोकळ्या जागा आल्या आणि रकमेचे पहिले आठच अंक आले: ०००० १२५०. बाराशे पन्नास पैसे, म्हणजे १२ रुपये ५० पैसे.

जेथे तुटलेल्या चिन्हाचे दोन बाइट शिल्लक राहिले, तेथे त्या दोनांच्या जागी एक बदली चिन्ह, म्हणजे तीन बाइट आले. ती ओळ एकाच बाइटाने सरकली आणि रक्कम १२५ रुपये झाली. जेथे कापणी नेमकी दोन चिन्हांच्या मध्ये झाली, तेथे काहीच सरकले नाही.

कोणत्या सभासदाच्या वाट्याला यांपैकी काय येणार, हेही ठरलेले होते. साठाला तीनाने पूर्ण भाग जातो, म्हणून कापणीपूर्वी नावात एक-बाइटी चिन्हे किती आली, एवढ्यावरच सगळे अवलंबून होते. नुसती तीन पदांची नावे घेतली तर दोन मोकळ्या जागा येतात; उरलेले ५८ बाइट म्हणजे १९ चिन्हे आणि एक अनाथ बाइट, म्हणून रकमेचा शंभरावा हिस्सा. ज्यांच्या नावापुढे ‘श्री.’ लावलेले होते, त्यांच्या नावात एक टिंब आणि तीन जागा मिळून चार एक-बाइटी चिन्हे होती; उरलेल्या ५६ बाइटांत १८ चिन्हे आणि दोन अनाथ बाइट, म्हणून रकमेचा दहावा हिस्सा. तक्रारीची पत्रे हाती घेऊन मी ही विभागणी ताडून पाहिली, तेव्हा ती प्रत्येक पत्राला लागू पडली. तोपर्यंत सगळे जण दशांश चिन्हाचा आणि रुपये-पैशांच्या रूपांतराचा कोड तपासत होते, आणि रक्कम नेमकी दहाच्या पटीत चुकलेली दिसत असताना तसे वाटणे स्वाभाविकच होते.

पत्ता १५० बाइटांपेक्षा मोठा असलेल्या काही ओळींत तुटलेले चिन्ह रकमेला अगदी चिकटून आले होते. तेथे बदली चिन्हाचे बाइट रकमेच्या तुकड्यात शिरले, अंक वाचता आले नाहीत आणि प्रोग्रॅमने त्या ओळी बाजूला काढल्या. छपाईदाराच्या माणसांनी पत्ता नीट टाइप झाला नसावा असे समजून ती पत्रे हाताने दुरुस्त केली होती. खरा इशारा तोच होता, पण तो वेगळ्या कारणाच्या खात्यावर जमा झाला.

तक्रार न आलेला गट

‘श्रीमती’ ने सुरू होणाऱ्या नावांत टिंब नसते, फक्त तीन मोकळ्या जागा असतात. उरलेल्या ५७ बाइटांत बरोबर १९ चिन्हे बसतात, एकही बाइट अनाथ राहत नाही. या पत्रांवर रक्कम अचूक होती, प्रश्नचिन्ह कोठेही नव्हते, फाइल प्रत्येक तपासणीत वैध ठरत होती. परंतु ‘श्रीमती कमल मारुती माने’ हे नमुन्याचे नाव ६३ बाइटांचे आहे, आणि साठावर कापले की शेवटची मात्रा जाऊन आडनाव ‘मान’ उरते. ‘काळे’ चे ‘काळ’ होते, ‘मोरे’ चे ‘मोर’. यूटीएफ-८ च्या दृष्टीने हे निर्दोष आहे. कोड पॉइंटच्या दृष्टीनेही निर्दोष आहे. नाव बदलले आहे हे फक्त त्या बाईंना आणि त्यांना ओळखणाऱ्यांना कळू शकते.

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत गंभीर भाग हाच आहे. चुकलेली रक्कम पाहून माणूस कार्यालयात येतो, जाब विचारतो. मात्रा गेलेल्या नावाकडे ‘छपाईची चूक’ म्हणून दुर्लक्ष होते, आणि तेच नाव पुढे दुसऱ्या नोंदवहीत गेले की वारस नोंदीच्या वेळी किंवा ठेवीची रक्कम काढताना त्याच बाईंना आपणच आपण असल्याचे पुरावे द्यावे लागतात.

सुचवलेले आणि नाकारलेले उपाय

पहिला उपाय छपाईदाराकडून आला: डीकोडरला अवैध बाइट आढळल्यास बदली चिन्ह न घालता तो गाळून टाकण्याचा आदेश द्यावा, म्हणजे प्रश्नचिन्हे दिसणार नाहीत. हा एका ओळीचा बदल आहे आणि बहुतेक भाषांत त्याची सोय आहे, म्हणून तो नाकारण्याचे कारण तपशिलाने सांगणे आवश्यक होते. एक बाइट गाळला की ओळ एका बाइटाने आखूड होते आणि रकमेचा तुकडा आता एक बाइट उशिरा सुरू होतो. त्याचे पहिले शून्य सुटते आणि शेवटी तारखेचा पहिला अंक, म्हणजे सालातील २, येऊन चिकटतो: ००० १२५ ०००२. पत्रावर १२,५०० रुपये २ पैसे छापले जातात. दोन बाइट गाळले गेले तर सालातील २ आणि ० दोन्ही येतात आणि रक्कम १,२५,००० रुपये २० पैसे होते. बदली चिन्हाने निदान काहीतरी बिघडल्याची खूण मागे ठेवली होती. गाळण्याने तीही पुसली गेली असती.

दुसरा उपाय महापेच्या कंपनीने सुचवला आणि तो अर्धा योग्य होता. नावाचा रकाना ६० ऐवजी १२० बाइटांचा करावा, म्हणजे चाळीस चिन्हे बसतील आणि हाती असलेल्या यादीतील एकही नाव कापावे लागणार नाही. त्याप्रमाणे ओळ २५६ ऐवजी ३१६ बाइटांची झाली. दहा सभासदांची चाचणी-फाइल दोन्हीकडून तपासली गेली, ती बरोबर निघाली, आणि पूर्ण फाइल पाठवण्यात आली. नावे पूर्ण आली. परंतु आता वेगळ्याच काही पत्रांवर १,२५० रुपयांऐवजी १ रुपया २५ पैसे आले, आणि काहींवर शून्य. छपाई अजून झालेली नव्हती, ही पत्रे पडद्यावरच अडवली गेली.

दुसरा दोष, जो आधीपासूनच होता

रक्कम हजाराव्या हिश्श्यावर येते, म्हणजे ओळ तीन बाइटांनी सरकली. शून्य होते, म्हणजे सहा बाइटांनी. एका तुटलेल्या चिन्हाने एवढे सरकणे शक्य नव्हते. तीन बाइटांचे एक चिन्ह मध्येच दुभंगून त्याच्या जागी दोन बदली चिन्हे आली, तर तीनाचे सहा बाइट होतात. तीन बदली चिन्हे आली, तर नऊ. आणि मूळ फाइलमधील त्या ओळी तपासल्या तर त्यांत एकही अवैध बाइट नव्हता. याचा अर्थ चिन्ह फाइलमध्ये तुटलेले नव्हते, वाचताना तोडले जात होते.

छपाईदाराचा पहिला प्रोग्रॅम फाइल ४,०९६ बाइटांच्या ठोकळ्यांनी वाचत असे आणि प्रत्येक ठोकळा स्वतंत्रपणे डीकोड करत असे. ठोकळ्याच्या शेवटी चिन्हाचे दोन बाइट आले आणि तिसरा पुढच्या ठोकळ्यात गेला, तर अलीकडे एक आणि पलीकडे एक बदली चिन्ह पडते. अलीकडे एक आणि पलीकडे दोन बाइट गेले, तर पलीकडचे दोन्ही अनाथ ठरून एकूण तीन बदली चिन्हे पडतात. हे इतकी वर्षे का घडले नाही, याचे उत्तर भागाकारात आहे: ४,०९६ ला २५६ ने पूर्ण भाग जातो. जुन्या रचनेत प्रत्येक ठोकळ्यात बरोबर सोळा ओळी बसत आणि ठोकळ्याची सीमा नेहमी ओळीच्या शेवटी पडत असे. ३१६ बाइटांच्या ओळी झाल्यावर पहिल्या ठोकळ्यात बारा ओळी पूर्ण बसल्या आणि सीमा तेराव्या ओळीत ३०४ बाइटांवर पडली. पुढच्या प्रत्येक ठोकळ्यागणिक ती ओळीत बारा बाइट अलीकडे येऊ लागली. पहिल्या दोन सीमा रकमेच्या पुढे पडल्या, तेथे एक-बाइटी अंकच होते, म्हणून त्या निरुपद्रवी ठरल्या. नंतरच्या सीमा पत्त्यात आणि नावात शिरल्या. दहा ओळींच्या चाचणी-फाइलचे बाइट ३,१६० होते; ती पहिल्या ठोकळ्यातच संपत होती, त्यामुळे तिच्यात हा दोष दिसण्याची शक्यताच नव्हती. बदलत्या रुंदीच्या एन्कोडिंगची चाचणी घेताना फाइल वाचन-ठोकळ्याच्या कितीतरी पट मोठी असलीच पाहिजे, आणि ठोकळ्याचा आकार मुद्दाम सात किंवा तेरा बाइट करूनही एकदा चालवून पाहावे. एवढ्या लहान ठोकळ्यांनी जवळजवळ प्रत्येक शब्द कोठेतरी तुटतो आणि दोष लगेच वर येतो.

यावरचा उपाय जुना आणि सर्वमान्य आहे. ठोकळ्याच्या शेवटी अपुरे राहिलेले बाइट लक्षात ठेवून पुढच्या ठोकळ्याच्या आधी जोडणारे डीकोडर जावा, पायथन, डॉटनेट या सर्वांत तयार आहेत. ब्राउझरमधील डीकोडरलाही प्रवाहाचा पर्याय देता येतो. जेथे तशी सोय नसेल तेथे शेवटापासून मागे जावे, १२८ ते १९१ मधील बाइट ओलांडत पहिल्या बाइटापर्यंत पोचावे आणि तो जितके बाइट मागतो तितके मिळाले आहेत का ते पाहावे. यूटीएफ-८ चे चिन्ह चार बाइटांपेक्षा मोठे नसते, ही मर्यादा २००३ च्या आरएफसी ३६२९ या इंटरनेट-मानकाने पक्की केली आहे; म्हणून तीनपेक्षा जास्त बाइट कधीच राखून ठेवावे लागत नाहीत.

काय बदलले

सभेची तारीख जवळ असल्यामुळे ठरीव रुंदीची फाइल त्या वर्षापुरती कायम ठेवली, पण तिच्या रचनेच्या कागदावर प्रत्येक आकड्यापुढे ‘यूटीएफ-८ बाइट’ हे माप लिहिले गेले. पत्त्याचा रकाना ३०० बाइटांचा झाला. छपाईदाराचा डीकोडर आता कडक आहे: एकही अवैध बाइट आढळला तर तो सभासद क्रमांक सांगून थांबतो. फाइलच्या शेवटी ओळींची संख्या आणि सर्व रकमांची बेरीज देणारी एक ओळ घातली, आणि तुकडे पाडून झाल्यावर दुसरा प्रोग्रॅम ती बेरीज ताडून पाहतो. सहकारी संस्थांत रोजकीर्दीच्या पानाची बेरीज पुढे ओढण्याची जी शिस्त आहे, तीच ही आहे, आणि ती फाइलमध्ये असती तर पहिला दोष छपाईआधीच अडला असता. रुंदीऐवजी टॅबने रकाने वेगळे करणारी नवी रचना पुढील वर्षासाठी दोघांनी मान्य केली आहे. माझी शिफारस पहिल्यापासून तीच होती.

नाव कापावेच लागले, तर ते अक्षरगटाच्या सीमेवर, शक्यतो पूर्ण शब्दावर कापायचे आणि कापल्याची खूण वेगळ्या रकान्यात ठेवायची, असा नियम केला. पाकिटाच्या खिडकीत नाव मावते की नाही, हे मात्र यांपैकी कोणत्याही मापाने कळत नाही; ते फॉन्टवर अवलंबून असते. म्हणून छपाईच्या प्रोग्रॅमला प्रत्यक्ष रेखाटलेली रुंदी मोजायला लावून लांब नावे दोन ओळींत घेतली.

चुकीचे पत्र मिळालेल्या सभासदांना एसएमएस पाठवायचा ठरला, तेव्हा आणखी एक माप समोर आले. मराठी एसएमएस १६-बिटी घटकांत जातो आणि एका संदेशाच्या १४० बाइटांत असे ७० घटक बसतात. मजकूर त्याहून मोठा झाला की जोडणीच्या माहितीला जागा द्यावी लागते आणि प्रत्येक भागात ६७ च उरतात. ‘आपल्या खात्यात लाभांशाची रक्कम जमा झाली आहे.’ या वाक्याचे ४४ घटक होतात. त्यापुढे एक जागा आणि वर घेतलेले २५ चिन्हांचे नमुना-नाव जोडले की बरोबर ७० भरतात. त्याहून एका चिन्हाने मोठे नाव असलेल्या सभासदाचा संदेश दोन संदेशांच्या दराने जातो. एसएमएसचा साचा दूरसंचार नियामकाच्या व्यवस्थेनुसार आधी नोंदवावा लागत असल्यामुळे मजकूर ऐन वेळी आखूड करता येत नाही. संस्थेने नावाऐवजी सभासद क्रमांक घातला.

ऱ आणि ॲ

दुरुस्त पत्रांसाठी छपाईदाराकडील यादी आणि संस्थेची नोंदवही नावावरून जुळवून पाहताना काही नावे जुळेनात, आणि त्यांत ‘कुऱ्हाडे’ सारखी आडनावे ठळकपणे होती. ‘ऱ्ह’ तीन प्रकारे लिहिले गेलेले आढळले: थेट ऱ घेऊन, र ला नुक्ता (खालचे टिंब) देऊन, आणि र ला पायमोड देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून, जसे काही कीबोर्ड आपोआप करतात. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात. पहिल्याचे नऊ बाइट होतात, उरलेल्या दोन्हींचे बारा. युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच चिन्हाची वेगवेगळी लेखने एका रूपात आणण्याची प्रक्रिया, पहिले दोन प्रकार एक करते, तिसरा तसाच राहतो. छपाईदाराच्या सफाईच्या यादीत न दिसणारी चिन्हे काढण्याचा नियमही होता, आणि ते जोडचिन्ह काढले की ‘ऱ्ह’ चा ‘र्ह’ होतो, म्हणजे रफार वर चढतो आणि आडनाव चुकीचे छापले जाते. तो नियम काढून टाकायला लावला.

‘ॲड.’ लावणाऱ्या सभासदांचीही हीच गत होती. ॲ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आले. त्याआधीच्या सवयीने अनेक जण अ वर अर्धचंद्र देऊन ते लिहितात, आणि हे दोन प्रकार प्रमाणीकरणानेही एक होत नाहीत. म्हणून नोंदवहीतील नाव जसे लिहिले तसेच ठेवून शोधासाठी वेगळा रकाना केला. त्यात आधी प्रमाणीकरण करून मग ऱ आणि ॲ यांचे पर्याय एका रूपात आणले जातात. प्रमाणीकरणाने बाइटांची संख्या बदलते, त्यामुळे ते नेहमी मोजणीच्या आधी करायचे, नंतर कधीच नाही, हेही रचनेच्या कागदावर लिहिले.

मूळ नावे परत मिळवणे

पत्रे दुरुस्त झाली, तरी एक नुकसान मागे राहिले. परत आलेल्या टपालावरून पत्ते सुधारण्यासाठी छपाईदाराची फाइल पूर्वी नोंदवहीत परत घेतली गेली होती आणि तिच्याबरोबर साठ बाइटांवर कापलेली नावेही आत आली होती. ती यंत्राने पूर्ववत करता येत नाहीत, कारण ‘मान’ हे ‘माने’ चे उरलेले रूप आहे की मूळचेच, हे बाइटांवरून ठरत नाही. ज्यांचे नाव नेमके ६०, ५९ किंवा ५८ बाइटांचे आहे अशा नोंदी निवडून काढल्या आणि संस्थेच्या लिपिकाने त्या कपाटातील सभासदत्वाच्या कागदी अर्जांशी एकेक करून ताडल्या. ज्यांचा अर्ज सापडला नाही, त्या नोंदींवर ‘नाव तपासणे बाकी’ अशी खूण ठेवली आहे, आणि तो सभासद पासबुक भरून घ्यायला आला की आधार कार्डावरील मराठी नाव पाहून, त्याची सही घेऊन ती नोंद पुरी केली जाते.